पुस्तकाची पिशवी : बाळंतविड्यातली एक नवी वस्तू



मागच्या अंकात आदिवासी पाड्यांवरील नवजात बाळांसाठी शिवल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या पिशव्यांची छोटी बातमी आपण वाचली असेल. त्यानंतर पत्रे आली, फोन आले. कुणी कापड देऊ केले, कुणी जुनी पुस्तके. पण बहुतेकांनी तीन प्रश्न विचारले. चार दिवसांच्या बाळाला पुस्तक कशाला? आईला अक्षरओळख नसेल तर ते उघडणार कोण? आणि द्यायचीच असेल तर घाऊक बाजारातली स्वस्त पिशवी घेऊन आणखी चार बाळांना का देऊ नये?

लालबाग-परळच्या आमच्या शिवणवर्गाचे काम मी पाहते, म्हणून उत्तरे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. पिशवी कशी तयार होते हे क्रमाने सांगितले तर तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातच मिळतील, असे मला वाटते.

बाळाला पुस्तक कशाला?

आपल्याकडे बाळ जन्मले की माहेरहून बाळंतविडा येतो. टोपरी, झबली, लंगोट, दुपटी, गोधडी हे बाळाचे. डिंक, खोबरे, अळीव, बाळंतशेपा हे बाळंतिणीचे. बाळाला ऊब मिळावी आणि आईला बळ यावे, हा त्यामागचा जुना शहाणपणा. पण बाळाला ऊब आणि दूध यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लागते. ती म्हणजे माणसाचे बोलणे.

बाळ आईच्या पोटात असतानाच शेवटच्या महिन्यांत तिचा आवाज ऐकत असते आणि जन्मल्यावर तो इतर आवाजांतून ओळखते. नजर मात्र अजून तयार झालेली नसते. नवजात बाळाला सुमारे २० ते ३० सेंटिमीटरवरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते. मांडीवर घेतलेले बाळ आणि आईचा चेहरा यांत साधारण तेवढेच अंतर असते. फिकट रंग त्याला नीट कळत नाहीत. पांढऱ्यावर काळे, मोठे, ठळक आकार दिसतात. म्हणून या वयाचे पुस्तक हे वाचण्याचे साधन नव्हेच. ते मोठ्या माणसाला बोलते करण्याचे निमित्त आहे. चित्र धरले की आई बोलते, आजी बोलते, शेजारची ताई बोलते; आणि बाळ त्या बोलण्यावर वाढते.

ही कल्पना आमची नाही. अमेरिकेत बोस्टन येथे १९८९ मध्ये बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या लहान मुलांना पुस्तके देण्यास सुरुवात केली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे १९९२ मध्ये ३०० बाळांना पुस्तकांची भेट देऊन ‘बुकस्टार्ट’ हा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो देशभर पसरला. फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार बाळंतिणीला बाळाच्या कपड्यांची पेटी देते. पुढे त्या पेटीत चित्रांचे पुस्तकही आले.

दूरचे उदाहरण नको असेल तर आपल्याच ठाणे-पालघरच्या मातीतले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. मूल गुरांमागे कुरणात जाते म्हणून शाळेत येत नाही, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. खेळणी आणि साधने त्यांनी तिथल्याच बिया, शिंपल्या, पानाफुलांतून तयार केली. मूल आपल्याकडे येण्याची वाट पाहायची नाही, आपण त्याच्या घरापर्यंत जायचे, हा धडा त्यांचा आहे. पुस्तकाची पिशवी त्याच वाटेने जाते.

आईला वाचता येत नसेल तर?

आमच्या पिशवीतल्या पहिल्या पुस्तकात एकही अक्षर नसते. त्यामुळे वाचता येण्याचा प्रश्न उरत नाही. याला आणखी एक कारण आहे. वारली घरात वारली बोलली जाते, कातकरी घरात कातकरी, कोकणा घरात कोकणी-डांगी वळणाची बोली. मासा, कोंबडी, टोपली यांना त्या त्या घरात आपापले शब्द आहेत. पुस्तकात प्रमाण मराठीतला शब्द छापला की वाचता येणारा नातेवाईक तोच शब्द योग्य म्हणून सांगू लागतो आणि आईचा शब्द मागे सरतो. मुलाला अंगणवाडीत आणि शाळेत मराठी शिकायचीच आहे. पण तिथे जाण्यापूर्वी त्याच्याजवळ घरचे भरपूर शब्द असले, तर नवी भाषा त्यावर उभी राहते. अक्षराविना चित्र असले की आई कोणत्याही भाषेत बोलली तरी ती बरोबरच असते.

घर पाहून पिशवी

पुस्तक दिले म्हणजे काम झाले असे नाही. पाड्यावरच्या घरात पुस्तकाला जागा कुठे? कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, घरातच चूल. कपाट नसते, फळी असली तर तिच्यावर डबे असतात. जमिनीवर ठेवलेल्या वस्तूला ओल लागते, उंदीर लागतो. पावसाळ्यात चार महिने सगळेच दमट. आणि दिवाळीनंतर अनेक कातकरी आणि वारली कुटुंबे वीटभट्टीवर किंवा शहराकडे कामाला जातात. तेव्हा संसार एखाद्या गाठोड्यात बांधला जातो.

अशा घरात जिला कायमची जागा असते ती म्हणजे भिंतीतली खुंटी. म्हणून आमची पिशवी खुंटीवर टांगण्यासाठी बेतली आहे आणि गाठोड्यात घडी करून मावेल एवढीच आहे. तिला बाहेरून एक खिसा आहे, आणि माझ्या मते पिशवीचे खरे महत्त्व त्या खिशात आहे. गरोदरपणातच प्रत्येक बाईला माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. बाळाचे वजन, लसींच्या तारखा, आईच्या तपासण्या, सगळे त्यावर लिहिलेले असते. हे कार्ड हरवले की वीटभट्टीजवळच्या आरोग्य केंद्रात कोणती लस झाली आणि कोणती राहिली हे कुणालाच सांगता येत नाही. बाळाच्या जन्माचा दाखला, आधारचा कागद, रुग्णालयाचा कागद यांचेही तेच.

कार्ड खिशात राहते, म्हणून स्थलांतराच्या वेळी पिशवी आठवणीने सोबत घेतली जाते. आणि पिशवी सोबत गेली की पुस्तकही जाते.

कापड

आता प्रत्यक्ष काम. पिशवीसाठी आम्ही कोरा सुती कॅनव्हास वापरतो, म्हणजे न रंगवलेला, न ब्लीच केलेला. दुकानात तो औंसावर मिळतो. ८ औंसाचा पातळ, १२ औंसाचा जाड. आम्ही १० औंसाचा घेतो. दर चौरस मीटरला तो साधारण ३४० ग्रॅम भरतो. यापेक्षा पातळ घेतला तर पुस्तकाच्या वजनाने पिशवी लोंबते, जाड घेतला तर घरगुती मशीनवर शिवता येत नाही आणि पावसाळ्यात लवकर वाळत नाही.

घाऊक खरेदीसाठी मूळजी जेठा मार्केट, थोडे लागले तर मंगलदास मार्केट. खिशाचे रंगीत कटपीस दादरच्या हिंदमाता परिसरात मिळतात. दोरा, सुया, बॉबिन क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या टेलरिंग मटेरियलच्या दुकानांतून.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचा वर्ग ज्या गिरणगावात भरतो तिथे एके काळी हेच कापड विणले जात असे. मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभारायला घेतली आणि पुढच्या काळात परळ, लालबाग, भायखळा गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही. आज भोंग्यांच्या जागी टॉवर आहेत. मुंबईच्या बाजारात येणारा कोरा माल आता बाहेरगावच्या यंत्रमागांवरून येतो. आमच्या वर्गातल्या दोन-तीन मावशींचे वडील किंवा सासरे साचेखात्यात होते. दुकानात ठाण उलगडले की त्या अंगठा आणि बोट यांच्यामध्ये कापड चोळून पाहतात, खळ किती आहे ते सांगतात आणि मगच भाव विचारतात. ही नजर गिरणीतून आलेली आहे.

धुणे आणि बेतणे

कोऱ्या कॅनव्हासला खळ असते आणि तो पहिल्या धुण्यात आटतो. आधी शिवून नंतर धुतले तर पिशवी वाकडी होते, शिवण चुण्या धरते. म्हणून आणलेले सगळे कापड प्रथम रात्रभर पाण्यात भिजवायचे, दुसऱ्या दिवशी साध्या साबणाने धुवायचे, दोनदा खळबळायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. चाळीच्या गच्चीवर हे काम सकाळी लवकर होते. खळ निघून गेल्याचा दुसरा फायदा असा की कापडाला कसर आणि झुरळे कमी लागतात.

४४ इंच पन्ह्याचे कापड धुतल्यावर साधारण ४२ इंच राहते. पिशवीची तयार रुंदी ११ इंच, उंची १२ इंच. तळाला शिवण येऊ नये म्हणून पुढचा आणि मागचा भाग एकाच तुकड्यात बेततो. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच धरून तुकड्याची रुंदी १२ इंच. दोन्ही बाजूंची उंची २४ इंच आणि तोंडाच्या दुमडीसाठी दोन्हीकडे दीड-दीड इंच धरून लांबी २७ इंच. ४२ इंचांत असे तीन तुकडे बसतात आणि ६ इंचांची पट्टी उरते. त्या पट्टीचे २ इंच रुंदीचे तीन भाग करायचे आणि प्रत्येक मधोमध कापायचा. साडेतेरा इंच लांबीचे सहा बंद मिळतात. तीन पिशव्या, सहा बंद. चिंधी उरत नाही. १० मीटर कापड धुऊन आटल्यावर अशा १३ ओळी बसतात, म्हणजे ३९ पिशव्या. शेवटचा उरलेला तुकडा खुंटीच्या फासासाठी वापरतो.

बंद मुद्दाम आखूड ठेवले आहेत. खांद्याला अडकवण्याइतके लांब केले तर दिसायला छान दिसते, पण लांब बंद रांगत्या बाळाच्या गळ्यात अडकू शकतो. हाताने धरता यावे आणि खुंटीवर टांगता यावे, एवढीच त्यांची लांबी.

शिवण

आमच्या वर्गात पायाच्या मशिनी जास्त आहेत, दोन मोटारीच्या. कॅनव्हाससाठी १६ नंबरची सुई चालते. बंद जोडताना १८ नंबरची लावावी लागते. इंचाला साधारण आठ टाके. यापेक्षा बारीक टाका घातला तर जाड कापडाला भोकांची रांग पडते आणि नेमके तिथेच ते फाटते.

प्रथम खिसा. संरक्षण कार्ड कापडावर ठेवून चारी बाजूंना बोटभर जागा सोडून माप घ्यायचे. खिसा प्रत्येक पिशवीला वेगळ्या कटपीसचा लावायचा. एकाच पाड्यावर पाच-सहा पिशव्या गेल्या तरी आपली कुठली हे आईला खिशावरून ओळखता येते. आणि वर्षभराने बाळालाही. खिशाच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर उलट-सुलट टाके घालून शिवण पक्की करायची, कारण हात तिथेच घातला जातो.

मग बाजूच्या शिवणी. आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर शिवायचे, मग पिशवी उलटून त्याच कडेवर आणखी पाव इंचावर पुन्हा शिवायचे. कापडाची कापलेली कड आत बंद होते. आतले धागे बाहेर राहिले की ते बाळाच्या बोटाला गुंडाळले जातात. इतक्या लहान बोटाला धाग्याचा फास बसला तर रक्तपुरवठा थांबू शकतो. म्हणून ही दुहेरी शिवण.

शेवटी तोंडाची दुमड आणि बंद. बंदाची कड मध्यावर आणून पुन्हा दुमडली की चार पदरांचा अर्धा इंच रुंद बंद होतो. तो दुमडीत घालून चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली मारायची. इथे सहा-सात पदर एकावर एक येतात. आमच्या शिकवणाऱ्या मावशी नव्या मुलींना इथे एकच गोष्ट सांगतात, “पाय उचल गं, चाक हाताने फिरव.” जोराने मशीन मारली की सुई मोडते, आणि मोडलेल्या सुईचा तुकडा कापडात राहिला तर तो बाळाच्या हाताशी जातो. सुई मोडली तर सगळे तुकडे सापडेपर्यंत ती पिशवी बाजूला ठेवायची, हा वर्गाचा नियम आहे. तुकडा सापडला नाही तर पिशवी जात नाही.

पिशवीला बटण नाही, चेन नाही, मणी नाही, वेल्क्रो नाही. सुटून तोंडात जाईल असे काहीच नाही.

आतले कापडी पुस्तक

पिशवीतले पहिले पुस्तक कापडी असते. सात इंच चौरस, आठ पाने. पांढऱ्या पॉपलिनवर काळ्या कापडाचे आकार कापून, कड आत वळवून हाताने तुरपाई केलेले : सूर्य, मासा, कोंबडी, पान, घागर, टोपली, माणसाचा चेहरा, चंद्र. दोन पानांच्या मध्ये जुन्या, स्वच्छ धुतलेल्या सुती साडीचा पदर घालतात आणि धावदोरा मारतात, गोधडीला मारतात तसाच. त्यामुळे पान जाड होते आणि बाळाच्या मुठीत नीट बसते.

काळे कापड वापरण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहायचे. फडक्याला रंग लागला तर ते कापड परत. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून बाळ पुस्तक तोंडात घालणारच. ती त्याची वाचण्याची पद्धत आहे. आणि पुस्तक मळले तर आईने ते कपड्यांबरोबर धुवावे, यासाठीच ते कापडी आहे.

हे हातकाम मुंबईत होत नाही. कापलेले तुकडे गठ्ठे बांधून लोकलने डहाणूकडे जातात आणि भाताची कापणी झाल्यावर ज्या बायका पाड्यावरच राहतात त्या ते शिवतात. कुठले आकार घ्यायचे हेही त्यांनीच ठरवले. शहरातल्या आपल्या मनात हत्ती आणि मोटार होती. त्यांनी घागर आणि टोपली सांगितली, कारण बाळ मान फिरवील तिकडे या वस्तू असतात आणि आई हात करून दाखवू शकते.

पिशवीवर काय नाही

पिशवीवर वारली चित्र का नाही, असे काहींनी विचारले आहे. वारली चित्रे आज सगळीकडे दिसतात आणि जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंतांनी ती जगभर नेली, याचा अभिमान आहेच. पण लग्नातला देवचौक ही शोभेची नक्षी नाही. तो सवाशिणी काढतात, त्यात पालघट देवी असते आणि धवलेरीच्या गाण्याशिवाय तो विधी होत नाही. ज्याची चित्रे आहेत त्यांनाच ती आपण छापून परत द्यायची आणि तीही चुकीच्या जागी, हे आम्हाला योग्य वाटले नाही.

पवित्र शास्त्रातले वचन किंवा मंडळीचे नाव का नाही, हाही प्रश्न आला. यापो येथील टबीथा, जिला आपण दुर्कस म्हणून ओळखतो, तिने विधवांसाठी वस्त्रे शिवली होती. ती गेल्यावर त्या विधवांनी रडत तीच वस्त्रे दाखवली. त्या कापडावर तिचे नाव असल्याचा उल्लेख नाही. बाळंतिणीला दिलेल्या भेटीला अट जोडायची नसते, आणि अट असल्याची शंकाही येऊ द्यायची नसते.

बाळाच्या दुधाच्या पावडरीचे किंवा बेबी फूडचे नाव तर कधीच नाही. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने अशा वस्तूंच्या प्रचारावर आणि आयांना त्यासाठी भेटवस्तू देण्यावर बंदी आहे. आईच्या दुधाला पर्याय म्हणून कुणाचीही जाहिरात बाळंतिणीच्या घरात आपल्या पिशवीवरून जाऊ नये.

आणि एक महत्त्वाची सूचना. साठवलेल्या पिशव्यांत डांबरगोळ्या ठेवायच्या नाहीत. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची कमतरता ज्या बाळांत जन्मतः असते, त्यांच्या रक्तपेशी डांबरगोळीतील नॅप्थलीनच्या वाफेने फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. काही आदिवासी समाजांत ही कमतरता तुलनेने अधिक आढळते. म्हणून आमच्याकडे फक्त ऊन आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला, आणि पिशवी पाठवण्यापूर्वी पाला झटकून पुन्हा एक धुणे. आपण घरून जुने सुती कापड पाठवणार असाल तर कृपया डांबरगोळ्यांच्या पेटीतले पाठवू नका.

स्वस्त पिशवी का नाही?

एका सद्‌गृहस्थांनी नॉनवोव्हनच्या छापील पिशव्या देऊ केल्या होत्या. आमच्या तीन पिशव्यांच्या खर्चात त्या कितीतरी जास्त येतात, हे खरे आहे. पण ते कापड दिसले तरी विणलेले नसते. ते प्लास्टिकच्याच धाग्यांचे असते. चुलीच्या घरात ठिणगी पडली तर ते वितळते. वर्ष-दोन वर्षांत त्याचा भुगा होतो आणि तो भुगा पाड्याच्या ओढ्यात जातो. धुतलेला कॅनव्हास मात्र वर्षानुवर्षे टिकतो. पुढच्या भावंडालाही होतो.

दुसरे कारण मजुरीचे. गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभे राहिले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. घरातल्या बाईच्या हातातली कला हे रोजगाराचे साधन होते, पण मोबदला तिचा तिला मिळाला तरच, हे या भागाने फार पूर्वी पाहिले आहे. आमचा दर असा ठरतो : मध्यम गतीने शिवणाऱ्या बाईचा वेळ घड्याळ लावून मोजायचा, आणि दिवसभरात तिच्या होतील तेवढ्या पिशव्यांचे पैसे सरकारने जाहीर केलेल्या किमान वेतनापेक्षा कमी होता कामा नयेत. धुण्याचा आणि कापण्याचा वेळही धरायचा. पाड्यावरच्या तुरपाईलाही तोच हिशेब. सेवेच्या नावाखाली बाईचे श्रम फुकट घेतले तर एका गरीब घरात दिलेली भेट दुसऱ्या गरीब घराच्या खिशातून जाते.

‘स्थानिक’ हा शब्द आम्ही जपून वापरतो. कापूस इथला नाही, विणकाम इथले नाही. बेतणे आणि शिवणे लालबाग-परळचे, हातकाम आणि चित्रांची निवड पाड्यावरची. पायाच्या मशिनीला वीज लागत नाही. त्यामुळे उद्या पिशव्याही पाड्यावरच शिवल्या जाव्यात ही आमची इच्छा आहे. तिथल्या मुली शिकल्या की बेतण्याचे पुठ्ठे त्यांच्याकडे द्यायचे. आपल्या वर्गाचे काम त्या दिवशी कमी होईल, आणि तसेच व्हायला हवे.

पिशवी घरी पोचते

परळ ही रुग्णालयांची वस्ती. नवरोजी वाडिया प्रसूतिगृह आणि के.ई.एम. रुग्णालय १९२६ पासून, बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय १९२९ पासून. दूरदूरच्या गावांतून अवघड बाळंतपणे इथे येतात. पण आम्ही पिशव्या रुग्णालयात वाटत नाही. गडबडीत दिलेली वस्तू सामानात जाते आणि तिचा उपयोग सांगायला कुणाला वेळ नसतो.

आशा ताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. पिशवी बहुधा १४ व्या दिवसाच्या भेटीत दिली जाते. तोवर घर थोडे स्थिरावलेले असते. ताई कार्ड मागते, खिशात ठेवते, पिशवी खुंटीला लावते, मग पुस्तक उघडून बाळापुढे वीतभर अंतरावर धरते आणि आईला म्हणते, “आता तू सांग, हे काय आहे.” एवढेच शिकवणे. पिशवी झोळीत बाळाजवळ ठेवायची नाही, हेही तेव्हाच सांगते. ४२ व्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे सहाव्या आठवड्यात, लसीकरण असते. मग दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. प्रत्येक वेळी पिशवी सोबत येते. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीच्या वेळी त्याच पिशवीत दुसरे पुस्तक जाते, जाड पुठ्ठ्याच्या पानांचे, रंगीत.

आपण काय करू शकता

आपल्याकडे चालू स्थितीतील पायाची मशीन पडून असेल तर ती हवी आहे. स्वच्छ, मऊ झालेल्या सुती साड्या हव्या आहेत. पुठ्ठ्याच्या पानांची चित्रपुस्तके हवी आहेत, पण फाटकी नकोत. ज्या घरात हे पहिलेच पुस्तक असेल तिथे ते चांगलेच जायला हवे. ज्यांना शिवण येते त्यांनी शनिवारी दुपारी वर्गाला जरूर यावे, बंद जोडायला हात नेहमीच कमी पडतात. आणि आपल्या नात्यात, शेजारात बाळ जन्मले तर बाळंतविड्यात झबल्या-टोपऱ्यासोबत एक चित्रांचे पुस्तक ठेवावे. आपल्या घरी ही रीत रुजली, तर पाड्यावरच्या आईला आपण काही वेगळे देत आहोत असे तिलाही वाटणार नाही.